घरची पर्यायी वीज : भाग 7
उलट वाहणारी वीज

इंधन साठवण्याचा विषय या भागात यायचा होता, परंतु तो पुढे ढकलणे भाग आहे, कारण हैदराबादच्या कुकटपल्लीतील एका वाचकाच्या प्रश्नाचे उत्तर त्याआधी देणे अधिक निकडीचे आहे. घरात चेंजओव्हर, म्हणजे कंपनीची वीज आणि जनरेटर यांपैकी एकच घराला जोडणारा स्विच, नसताना मेन स्विच बंद करून, दोन्ही टोकांना प्लग असलेल्या वायरने जनरेटर भिंतीवरील सॉकेटला जोडला तर बिघडते काय, असा तो प्रश्न आहे.

कुकटपल्लीतल्या केपीएचबी कॉलनीत 'फेज कितवा' हा पत्त्याचा प्रश्न असतो. या लेखात मात्र फेज म्हणजे वीज घेऊन येणारी तार आणि न्यूट्रल म्हणजे तिची परतीची वाट. रोहित्र, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, हे एकमार्गी यंत्र नव्हे. खांबावरील रोहित्र 11 हजार व्होल्टचे 433 व्होल्ट करते आणि त्याच्या एका फेजवर घराला सुमारे 230 व्होल्ट मिळतात. मात्र मेन सुरू राहून तेच 230 व्होल्ट जनरेटरकडून रोहित्रात शिरले, तर वरच्या तारांवर सुमारे 10 हजार व्होल्ट उभे राहतात. शेजारच्या घरांचा भार अंगावर येताच छोटा जनरेटर गुदमरतो, हा आक्षेप बहुतेक वेळा खरा असला, तरी वादळात तार तुटून दोनतीनच घरे रोहित्रावर उरली असतील, तर तो आक्षेप लाइनमनच्या कामी येत नाही.

तेलंगणात लाइनमन कामाआधी 'एलसी', म्हणजे लाइन क्लिअर, घेतो. महाराष्ट्रात त्यालाच परमिट म्हणतात. फीडर उपकेंद्रातून बंद केल्याची ती हमी असते; एखाद्या स्वयंपाकघरातील सॉकेटमधून येणाऱ्या विजेची हमी उपकेंद्र देणार कशी? काम करण्याच्या जागेच्या दोन्ही बाजूंना तारा अर्थ करण्याचा, म्हणजे जमिनीशी जोडण्याचा, नियम त्यासाठीच आहे.

मेन बंद ठेवण्याची युक्ती पूर्णतः स्मरणावर चालते, आणि रात्री दोन वाजता, घामाघूम अवस्थेत, स्मरणावर किती विसंबावे हे ज्याचे त्याने ठरवावे. शिवाय मेन एकपदरी असेल, तर तो केवळ फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो. आणि जनरेटर चालू असताना सॉकेटमधून निसटलेल्या प्लगच्या उघड्या पिनांत 230 व्होल्ट असतात. मेन चुकून सुरू असताना वीज परतली, तर दोन्ही पुरवठ्यांचा ताळ जुळण्याची शक्यता जवळजवळ नसते आणि त्या धक्क्याने जनरेटर जळू शकतो.

चेंजओव्हरची थोरवी अशी, की त्याच्या दांड्याला एका वेळी एकच जागा घेता येते : एका बाजूला कंपनीची वीज, दुसऱ्या बाजूला जनरेटर आणि मधोमध बंद. सिंगल फेज घरासाठी तो दुपदरी, म्हणजे फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम बदलणारा, घ्यावा आणि परवानाधारक वायरमनकडूनच बसवावा. सुट्या जनरेटरचा न्यूट्रल पुष्कळदा अर्थशी जोडलेला नसतो, त्यामुळे गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी घरात असूनही जनरेटरवर निमूट बसून राहू शकतो. म्हणून वायरमनला ही जोडणी तपासायला सांगावी, आणि जनरेटरच्या माहितीपुस्तिकेतील न्यूट्रलचे पान त्याच्यासमोर उघडून ठेवावे.