कॅरॅव्हॅनला रिव्हर्स कॅमेरा बसवताय? मेगापिक्सेल नंतर बघा, आधी वायर कुठून जाणार ते ठरवा

"येऊ दे... येऊ दे... अजून येऊ दे... बास बास बास!"

ट्रक किंवा लक्झरी मागे घेताना क्लीनर गाडीच्या पत्र्यावर थापा मारत हे ओरडत असतो. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही, तो फक्त त्या आवाजावर गाडी घेतो.

आता विचार करा, ट्रॅव्हलरवर बनवलेली कॅरॅव्हॅन घेऊन तुम्ही सहकुटुंब कोकणात गेलाय. होमस्टेच्या पाणंदीत दोन्ही बाजूंना जांभ्या दगडाचे गडगे आहेत, वळायला जागा नाही, अंधार पडलाय. क्लीनर नाही. मागे उतरलेल्या मेव्हण्याचा आवाज इंजिनाच्या आवाजात ऐकूच येत नाही. अशा वेळी आठवतं, कॅमेरा बसवायला हवा होता.

महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. तेव्हापासून या गाड्यांबद्दलची उत्सुकता वाढली आहे. बेड कुठे, किचन केवढं, टॉयलेट कसं, यावर लोक महिनोन्‌महिने विचार करतात. रिव्हर्स कॅमेरा मात्र शेवटच्या दिवशी आठवतो. खरी चूक तिथेच होते. कशी, ते बघू.

कारपेक्षा कॅरॅव्हॅनमध्ये कॅमेरा जास्त गरजेचा का?

कारमध्ये मधल्या आरशात मागची काच दिसते. कॅरॅव्हॅनमध्ये त्या आरशात आपलंच कपाट दिसतं. बाजूच्या आरशांत गाडीच्या कडा दिसतात, पण गाडीच्या बरोबर मागचा पट्टा कुठल्याच आरशात येत नाही. तिथे उभी केलेली सायकल, झाडाचा बुंधा किंवा खेळायला बसलेलं लहान मूल ड्रायव्हरला दिसणं शक्यच नसतं.

ही भीती उगाच घातलेली नाही. अमेरिकेत २००२ मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा वडिलांच्याच मागे येणाऱ्या गाडीखाली सापडून गेला. त्याच्या नावाचा कायदा २००८ मध्ये झाला आणि मे २०१८ पासून तिथे बनणाऱ्या सगळ्या नव्या कार आणि हलक्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा झाला. गाडीमागची १० फूट रुंद आणि २० फूट लांब जागा दिसलीच पाहिजे आणि रिव्हर्स टाकल्यावर दोन सेकंदांत चित्र आलं पाहिजे, असं तो नियम सांगतो. आपल्याकडे जुलै २०१९ पासून बनणाऱ्या कारमध्ये मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे आहेत. पण सेन्सर फक्त 'काहीतरी आहे' एवढंच सांगतो. काय आहे, ते कॅमेराच दाखवतो.

वायरचा घ्यावा की वायरलेस?

दुकानात गेलात की पहिला मोह वायरलेसचा होतो. पण वायरलेस म्हणजे फक्त चित्र हवेतून येतं. कॅमेऱ्याला वीज लागतेच, म्हणजे मागे वायर ओढावी लागतेच. त्यात बरेचसे वायरलेस कॅमेरे २.४ गिगाहर्ट्झवर चालतात, ज्यावर आपलं वायफाय आणि ब्लूटूथही चालतं. मधे सहा-सात मीटर लांब पत्र्याची गाडी, फ्रिज आणि कपाटं. चित्र अडकण्याची शक्यता वाढते.

मोबाइलवर चित्र दाखवणाऱ्या वायफाय कॅमेऱ्यात आणखी एक धोका असतो. चित्र किंचित उशिरा येतं. समजा अर्धा सेकंद उशीर झाला आणि तुम्ही ताशी ५ किलोमीटरने मागे येताय. ५ किलोमीटरचा वेग म्हणजे सेकंदाला जवळपास १.४ मीटर. म्हणजे स्क्रीनवर भिंत जिथे दिसते, त्यापेक्षा ती ७० सेंटीमीटर जवळ आलेली असते. दोन फुटांपेक्षा जास्त! जुन्या गाडीत वायर ओढणं अगदीच अशक्य असेल तर चांगल्या कंपनीचा डिजिटल वायरलेस संच घ्या, पण त्याच्या स्वतःच्या मॉनिटरसह. नाहीतर वायरचाच बरा.

विकत घेताना काय बघायचं?

चित्राचा प्रकार: जुने कॅमेरे साधं व्हिडिओ चित्र देतात, नवे एएचडी म्हणजे ७२० किंवा १०८० पी. मात्र मॉनिटरलाही तोच प्रकार चालायला हवा. १०८० चा कॅमेरा साध्या मॉनिटरला जोडला तर काळी स्क्रीन किंवा नुसत्या रेघा दिसतात. शक्यतो कॅमेरा आणि मॉनिटर एकाच संचातले घ्या. सात इंची स्क्रीनवर ७२० पुरेसं असतं.

कोन: १७० अंश ऐकायला भारी वाटतं. पण कोन जितका रुंद, तितकी मधली वस्तू लहान आणि लांब दिसते. उंचावर बसणाऱ्या कॅमेऱ्याला १२० ते १४० अंश पुरतात.

पाणी आणि धूळ: खोक्यावर आयपी आकडा असतो. आयपी ६७ म्हणजे धूळ आत जात नाही आणि एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालतो. ६९के म्हणजे जोरदार गरम पाण्याचा फवाराही सोसतो. आपल्याकडे सर्व्हिसिंगला प्रेशर पंपाने गाडी धुतात, शिवाय कोकणातला पाऊस आहेच. ६७ च्या खाली जाऊ नका, ६९के मिळाला तर उत्तम.

अंधार: मुक्कामाला आपण बहुतेक रात्रीच पोहोचतो. इन्फ्रारेड दिवे असलेला कॅमेरा अंधारात काळंपांढरं चित्र देतो. त्यासोबत मागे एक चांगला रिव्हर्स लाइट लावलात, तर चित्र सुधारतंच आणि मागे उभ्या असलेल्या माणसालाही दिसतं.

व्होल्टेज: ट्रॅव्हलरसारख्या गाड्या १२ व्होल्टच्या असतात. मोठ्या बस-ट्रकच्या चासीवर २४ व्होल्ट असतात. फक्त १२ चा कॅमेरा २४ वर लावला की त्याचा पहिला दिवस शेवटचा ठरतो. ९ ते ३२ व्होल्ट चालणारा संच घेतलात की प्रश्नच मिटला.

आता मुद्दा वायरचा

गाडी सहा मीटर लांब आहे, म्हणून दहा मीटर वायर पुरेल असं वाटतं. मोजून बघा. मागच्या भिंतीतून आत, छताच्या कडेने सहा मीटर, पुढच्या काचेच्या खांबातून दोन मीटर खाली, डॅशबोर्डमागून एक मीटर, त्यात कपाटांची वळणं. दहा मीटर संपले! पंधराची घ्या. उरलेली वायर कपाटात सैल गुंडाळून ठेवता येते, कमी पडलेली मात्र जोडावी लागते. आणि जोड आला की तिथेच कधीतरी बिघाड होतो.

म्हणून गाडी बनवून घेत असाल, तर आतून प्लायवूड लागण्याआधीच वायर टाका. कॅमेरा अजून ठरला नसेल तर निदान एक रिकामा प्लास्टिकचा पाइप आणि त्यात दोरी टाकून ठेवा. पाच वर्षांनी कॅमेरा बदलायची वेळ आली तर त्याच दोरीने नवी वायर ओढता येईल. हे काम आधी केलं तर तासाभराचं आहे. नंतर करायचं तर छत उघडावं लागतं.

वायर सायलेन्सर आणि गॅसच्या नळीपासून लांब ठेवा. पत्र्यातून जाते तिथे रबरी बुश घाला, नाहीतर खडखडाटात पत्र्याची धार वायर कापते.

वीज कुठून घ्यायची?

सोपा मार्ग म्हणजे रिव्हर्स लाइटच्या वायरवरून. रिव्हर्स टाकला की कॅमेरा चालू. पण कॅरॅव्हॅनमध्ये मधला आरसा निकामी असतो, त्यामुळे हायवेवरही मागची वाहनं दिसली तर फार उपयोग होतो. तसं हवं असेल तर कॅमेऱ्याला वीज इग्निशनच्या सर्किटमधून घ्या आणि रिव्हर्सच्या वायरमधून मॉनिटरला फक्त इशारा द्या. नव्या गाड्यांमध्ये रिव्हर्स लाइटची वीज संगणकाकडून येते. त्यावर थेट कॅमेरा लावला की कधी कधी चित्र थरथरतं. तिथेही हाच उपाय.

जोडणीत छोटा फ्यूज हवाच. थेट बॅटरीवर कायमची जोडणी करू नका. गाडी आठवडाभर उभी राहिली तर मॉनिटर थोडी थोडी वीज खातच राहतो. आणि कंपनीची मूळ वायर कापू देऊ नका, पुढे वॉरंटीवरून वाद होतो.

भोक पाडण्याआधी थांबा

कॅमेरा मागे मध्यभागी, शक्य तितका उंच बसवा. उंचावरून जमीन आणि बंपर दोन्ही दिसतात, चिखलही कमी उडतो. पण ड्रिल लावण्याआधी कॅमेरा चिकटपट्टीने लावा, तात्पुरती वीज द्या आणि पुढे बसून बघा. स्क्रीनच्या तळाशी बंपरची कड दिसलीच पाहिजे. ती दिसली नाही तर अंतराचा अंदाजच येत नाही.

आतल्या बाजूला पाण्याची टाकी, लाइटची वायर किंवा लोखंडी चौकट नाही ना, ते तपासा. भोक पाडल्यावर उघड्या पत्र्याला प्रायमर लावा, मग पॉलियुरेथेन सीलंट भरा. आंबट वास येणारं साधं सिलिकॉन पत्र्याला लावू नका, त्याने गंज धरतो. बाहेरची वायर भोकात शिरण्याआधी थोडी खाली लोंबती ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी तिथून ठिबकून जातं आणि आत येत नाही.

चित्र आरशासारखं आहे ना, हेही बघा. उजवीकडून आलेला माणूस स्क्रीनवर उजवीकडेच दिसला पाहिजे. नसेल तर मॉनिटरच्या सेटिंगमध्ये किंवा कॅमेऱ्याच्या वायरवर त्याची सोय असते.

शेवटचं काम खडूचं

स्क्रीनवरच्या लाल-पिवळ्या-हिरव्या रेघांवर लगेच विश्वास ठेवू नका. त्या बहुतेकदा कारच्या उंचीच्या हिशोबाने आखलेल्या असतात. तुमचा कॅमेरा अडीच मीटरवर आहे. सपाट जागेवर गाडी उभी करा, बंपरपासून अर्धा, एक, दोन आणि तीन मीटरवर खडूने रेघा मारा. स्क्रीनवर त्या जिथे दिसतात तिथे बारीक चिकटपट्टी लावा. आता अंतर तुमच्या गाडीचं झालं. चढ-उतारावर मात्र हा हिशोबही चुकतो, हे लक्षात ठेवा.

आणि एक गोष्ट कुठलाच कॅमेरा सांगत नाही. तो खाली बघतो. वर आलेली आंब्याची फांदी, घराचा सज्जा, विजेची लोंबती तार त्याला दिसत नाही आणि तुमच्या छतावर तर एसी आहे. स्टिअरिंग फिरवून मागे घेताना गाडीचं नाक बाहेर फिरतं, तेही त्याला दिसत नाही.

म्हणून नव्या जागी आधी उतरा, एक चक्कर मारा, वर बघा, पोरं कुठे आहेत ते बघा. मग कॅमेरा लावा, काच खाली घ्या आणि मेव्हण्याला ड्रायव्हरच्या बाजूला, आरशात दिसेल असा उभा करा. तो आरशातून दिसेनासा झाला, की ब्रेक. मग खुशाल म्हणू दे त्याला, "येऊ दे!"