विश्लेषण : टॉवरची वीज गेली, हे नियंत्रण कक्षाला कळते कसे?

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले. विजेचे खांब कोसळले आणि पाठोपाठ कोकणातील अनेक गावांतील मोबाइलही बंद पडले. वीज गेल्यावर टॉवर बॅटरीवर आणि जनरेटर असल्यास डिझेलवर चालतो. ही मुदत संपण्याआधी खबर मिळाली, तरच मदत वेळेत पोहोचते. ही खबर देणारे यंत्र म्हणजे रिमोट टर्मिनल युनिट, अर्थात ‘आरटीयू’. त्याची भिस्त असते त्याच्या पोर्टवर.

सर्वांत साधे पोर्ट कोणते?

‘ड्राय कॉन्टॅक्ट’. हा निव्वळ एक स्विच असतो. दार उघडले, धूर झाला किंवा वीज गेली की त्याची स्थिती बदलते. उत्तर फक्त ‘हो’ किंवा ‘नाही’. सर्व ठीक असताना सर्किट बंद, म्हणजे जोडलेले, राहील अशी जोडणी केल्यास वायर तुटली तरी अलार्म वाजतो.

बॅटरी किती उरली, हे कसे समजते?

त्यासाठी अॅनालॉग इनपुट लागते. दूरसंचार उपकरणे साधारणपणे ४८ व्होल्ट डीसीवर चालतात. बॅटरी उतरू लागली की व्होल्टेज घसरते आणि हा आकडा आरटीयू सतत वाचत राहतो.

सीरियल पोर्ट अजून का टिकून आहेत?

जनरेटर कंट्रोलर, रेक्टिफायर, वीज मीटर आजही याच पोर्टवरून बोलतात. ‘आरएस-२३२’ दोनच उपकरणे जोडते, तेही सुमारे १५ मीटरपर्यंत. ‘आरएस-४८५’ मात्र १,२०० मीटरपर्यंत जाते आणि एकाच लाइनवर ३२ उपकरणे सांभाळते. त्यावर बहुधा १९७९ मध्ये आलेली ‘मॉडबस’ ही भाषा चालते.

मग इथरनेट पोर्टचे काम काय?

जमा झालेली माहिती नियंत्रण कक्षापर्यंत नेणे. येथे ‘एसएनएमपी’ हा प्रोटोकॉल वापरतात. कक्षाकडून विचारणा पोर्ट क्रमांक १६१ वर येते, तर अलार्म १६२ वर जातो. हा अलार्म, म्हणजेच ‘ट्रॅप’, पोहोचल्याची पोच मिळत नाही. त्यामुळे कक्षाने ठरावीक वेळाने स्वतःहून विचारणा करणेही आवश्यक ठरते. जुन्या आवृत्त्यांमध्ये पासवर्डसारखा वापरला जाणारा शब्द उघडपणे जातो. तिसऱ्या आवृत्तीत एन्क्रिप्शनची सोय आहे.

खरी अडचण कुठे?

अलार्म त्याच टॉवरच्या लिंकवरून जात असेल, तर लिंकबरोबर अलार्मही गप्प होतो. म्हणून दुसऱ्या कंपनीचे सिम असलेला मोडेम किंवा उपग्रह जोडणी असा पर्यायी मार्ग ठेवला जातो. अर्थात, वादळात दोन्ही कंपन्यांचे टॉवर एकदमच पडू शकतात. त्यामुळे एखाद्या टॉवरकडून काहीच आले नाही, तर ‘सर्व आलबेल’ असे न मानता त्या शांततेलाच अलार्म समजणे, हा या व्यवस्थेतील महत्त्वाचा नियम आहे.