समोच्च स्तंभरचना

समोच्च स्तंभरचना : जालपृष्ठावर शेजारी शेजारी मांडलेल्या दोन वा अधिक स्तंभांची उंची, त्यांतील मजकूर कमीअधिक असला तरी, समान राखण्याची पद्धत. जालपृष्ठाचा मजकूर एचटीएमएल या चिन्हांकन भाषेत लिहिलेला असतो. त्याचे दृश्यरूप, म्हणजे रंग, अक्षरांचा आकार, समास व मांडणी, सीएसएस या शैलीभाषेत सांगितलेले असते. समोच्च स्तंभरचना हा या दुसऱ्या भाषेचा विषय होय. स्तंभांना पार्श्वरंग किंवा चौकट असली म्हणजे त्यांच्या तळकडा एका रेषेत नसणे डोळ्यांना खटकते. तथापि हा प्रश्न केवळ शोभेचा नाही. उंची कोणत्या रीतीने समान केली, यावर स्तंभातील सर्व मजकूर वाचकापर्यंत पोहोचतो की नाही, हे अवलंबून असते.

मुद्रित पृष्ठाशी तुलना : वाई (जि. सातारा) येथे संपादित झालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे पृष्ठ दोन स्तंभांचे आहे. अशा पृष्ठात कागदाचा आकार, अक्षराचा आकार आणि दोन ओळींमधील अंतर ही तिन्ही छपाईपूर्वीच ठरलेली असल्याने एका स्तंभात किती ओळी बसतील, हे जुळाऱ्यास आधीच माहीत असते. डावा स्तंभ भरला की पुढचा मजकूर उजव्या स्तंभात जातो. एखादी ओळ कमी पडलीच, तर ओळींमध्ये पातळ पट्ट्या घालून ती तूट भरून काढता येते. छापलेले पृष्ठ पुढे बदलत नाही. म्हणून जुळाऱ्याने एकदा साधलेला समतोल कायम राहतो [⟶ मुद्रण].

जालपृष्ठाची गोष्ट याहून वेगळी आहे. त्याची रुंदी वाचकाच्या पडद्यावर अवलंबून असते आणि अक्षरांचा आकार वाचकाला हवा तसा वाढविता येतो. एखादा टंक वाचकाच्या संगणकावर नसल्यास ब्राउझर त्याऐवजी दुसरा टंक वापरतो. त्यामुळे मजकूर किती ओळींत मावेल, हे पृष्ठ तयार करणाऱ्यास निश्चितपणे सांगता येत नाही. शिवाय शेजारच्या स्तंभांतील मजकूर बहुधा स्वतंत्र असतो; एकातील उरलेला भाग दुसऱ्यात घालता येत नाही.

उदाहरण : १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा व दक्षिण सातारा असे विभाजन झाले आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्यास सांगली हे नाव मिळाले. या दोन जिल्ह्यांतील तालुक्यांची नावे दोन स्तंभांत, प्रत्येक ओळीवर एक, अशी मांडावयाची आहेत असे समजू. डाव्या स्तंभात सातारा, जावळी, कोरेगाव, वाई, महाबळेश्वर, खंडाळा, फलटण, माण, खटाव, कऱ्हाड व पाटण ही ११ नावे येतील. उजव्या स्तंभात मिरज, तासगाव, कवठे महांकाळ, जत, खानापूर, आटपाडी, पलूस, कडेगाव, वाळवा व शिराळा ही १० नावे येतील. एका ओळीची उंची २४ पिक्सेल धरल्यास डावा स्तंभ २६४ व उजवा २४० पिक्सेल उंच होईल. दोहोंत एका ओळीचा फरक राहील.

सर्वांत सोपा वाटणारा उपाय म्हणजे दोन्ही स्तंभांना २६४ पिक्सेल ही ठराविक उंची देणे. सामान्य स्थितीत तो यशस्वी दिसतो. परंतु दृष्टी मंद असलेल्या वाचकाने अक्षरे तेवढी दुप्पट मोठी केली, तर ओळ ४८ पिक्सेलांची होते आणि डाव्या स्तंभास ५२८ पिक्सेल उंचीची गरज पडते. २६४ पिक्सेलांत साडेपाच ओळीच मावतात. जादा मजकूर लपविण्याचा आदेश शैलीत असल्यास खंडाळा हे नाव मध्येच कापले जाते आणि फलटणपासून पाटणपर्यंतची पाच नावे दिसेनाशी होतात. असा आदेश नसल्यास ती नावे चौकटीबाहेर ओघळून खालच्या मजकुरावर चढतात. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जालसुलभता मार्गदर्शक तत्त्वांच्या दुसऱ्या आवृत्तीत, मजकूर दुपटीपर्यंत मोठा केला तरी आशय नष्ट होऊ नये, अशी अपेक्षा नमूद आहे. ठराविक उंचीचा उपाय तिच्याशी विसंगत ठरतो.

अरुंद पडद्यावर आणखी एक गोष्ट घडते. ‘कवठे महांकाळ’ हे दोन शब्दांचे नाव एका ओळीत न मावल्यास दोन ओळींत मोडते. उजवा स्तंभही ११ ओळींचा होतो आणि दोन्ही स्तंभ काही न करता समान होतात. म्हणजे एकच मजकूर एका पडद्यावर असमान, तर दुसऱ्यावर समान असू शकतो. यावरून समोच्चता ही एखाद्या संख्येने सांगावयाची गोष्ट नसून स्तंभांमधील परस्परसंबंध आहे, हे स्पष्ट होते. सर्वांत उंच स्तंभ जेवढा असेल तेवढे इतर स्तंभ व्हावेत, एवढेच सांगता आले पाहिजे.

जुने उपाय : हा संबंध सांगण्याची सोय आरंभी केवळ तक्त्यात होती. तक्त्याच्या एका ओळीतील सर्व घरे आपोआप समान उंचीची होतात. म्हणून १९९० नंतरच्या दशकात संपूर्ण पृष्ठेच अदृश्य तक्त्यांत मांडण्याची प्रथा पडली. परंतु तक्ता हे माहितीचे रूप आहे. मांडणीसाठी त्याचा वापर केल्याने मजकुराचा अर्थ व त्याचे दृश्यरूप यांची सरमिसळ झाली आणि पृष्ठ वाचून दाखविणाऱ्या साधनांवर विसंबणाऱ्या अंध वाचकांस अडचण होऊ लागली.

सीएसएसची पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये प्रमाणित झाली. तीतील तरंगत्या घटकांच्या साहाय्याने स्तंभ शेजारी शेजारी आणता येत; मात्र एका तरंगत्या घटकास दुसऱ्याच्या उंचीची दखल नसे. १९९८ च्या दुसऱ्या आवृत्तीत कोणत्याही घटकास तक्त्यातील घराप्रमाणे वागविण्याची सोय झाली; पण इंटरनेट एक्सप्लोरर या त्या काळी सर्वाधिक वापरात असलेल्या ब्राउझरमध्ये ती २००९ च्या आठव्या आवृत्तीपर्यंत आली नाही. मधल्या काळात युक्त्यांवर भागवावे लागले. अमेरिकन अभिकल्पक डॅन सीडरहोम यांनी जानेवारी २००४ मध्ये मांडलेल्या ‘आभासी स्तंभ’ पद्धतीत स्तंभांचे रंग असलेले एक अरुंद चित्र सामाईक वेष्टक घटकामागे उभे पुनरावृत्त केले जाई. स्तंभ असमानच राहत, पण रंगाच्या पट्ट्या तळापर्यंत गेल्याने ते समान भासत. रुंदी बदलल्यास मात्र चित्रही बदलावे लागे. दुसऱ्या एका युक्तीत प्रत्येक स्तंभास खाली हजारो पिक्सेलांचे अस्तर व तेवढाच ऋण समास देऊन उरलेला भाग वेष्टकात लपवीत. पृष्ठातील एखाद्या ठिकाणी थेट नेणारा दुवा उघडल्यावर वेष्टकातील मजकूर वर सरकून गडप होणे, हा तिचा दोष होता. काहींनी जावास्क्रिप्टच्या साहाय्याने उंची मोजून ती सर्व स्तंभांना देण्याचा मार्ग पत्करला. त्यात पडद्याचा वा अक्षरांचा आकार बदलला की पुन्हा मोजमाप करावे लागे.

आधुनिक पद्धती : लवचिक चौकट अथवा फ्लेक्सबॉक्स या मांडणीपद्धतीचा पहिला मसुदा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तीत स्तंभांच्या वेष्टकास ‘डिस्प्ले : फ्लेक्स’ एवढा आदेश दिला की त्यातील घटक एका ओळीत येतात. ‘अलाइन-आयटम्स’ या गुणधर्मामुळे सर्वसाधारणपणे घटक ताणले जाऊन ओळीतील सर्वांत उंच घटकाएवढे होतात. त्यासाठी वेगळा आदेश द्यावा लागत नाही. वरील उदाहरणात दोन्ही स्तंभ आधी २६४, अक्षरे दुप्पट केल्यावर ५२८ पिक्सेलांचे होतात. एकही नाव कापले जात नाही. जाळी अथवा ग्रिड ही पद्धत मार्च २०१७ मध्ये क्रोम, फायरफॉक्स व सफारी या ब्राउझरांत उपलब्ध झाली. तीत आडव्या व उभ्या अशा दोन्ही दिशांची मांडणी एकत्र सांगता येते आणि एका आडव्या ओळीतील घटक त्याचप्रमाणे ताणले जातात.

या ताणण्यास एक अट आहे : घटकाची स्वतःची उंची ठरवून दिलेली नसावी. एखाद्या स्तंभास ठराविक उंची दिल्यास तो ताणला जात नाही. स्तंभ फार आखूड दिसू नये, एवढाच हेतू असल्यास ‘मिन-हाइट’ या गुणधर्माने किमान उंची सांगावी. मजकूर वाढल्यास स्तंभ तिच्यापलीकडे वाढू शकतो.

समोच्च स्तंभरचना व बहुस्तंभ मांडणी यांत भेद आहे. दुसरीत एकच सलग मजकूर अनेक स्तंभांत विभागला जातो आणि ‘कॉलम-फिल’ या गुणधर्माच्या ‘बॅलन्स’ या मूल्याने ब्राउझर तो शक्य तितका सारखा वाटतो. विश्वकोशाच्या मुद्रित पृष्ठाशी हीच मांडणी जवळची होय. मात्र पडद्यावर स्तंभ फार लांब झाल्यास डाव्याच्या तळापासून उजव्याच्या माथ्यापर्यंत पुन्हा वर जावे लागते. म्हणून दीर्घ लेखांस ती सोयीची नाही.

देवनागरी व मर्यादा : देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार व जोडाक्षरांचे भाग येतात. रोमन लिपीस पुरेशी असलेली ओळीची उंची तिला अपुरी पडते. निरनिराळ्या टंकांत हे प्रमाण निराळे असल्याने टंक बदलला की स्तंभाची उंचीही बदलते. यास्तव ओळीची उंची पिक्सेलांत न देता अक्षराच्या आकाराच्या पटीत द्यावी.

चौकटी समान झाल्या तरी त्यांतील मथळे व परिच्छेद एका रेषेत येतीलच असे नाही. त्यासाठी आतील घटकांना बाहेरच्या जाळीच्या ओळी वापरू देणारी उपजाळी ही सोय असून सप्टेंबर २०२३ पर्यंत ती सर्व प्रमुख ब्राउझरांत आली. भ्रमणध्वनीच्या अरुंद पडद्यावर स्तंभ एकाखाली एक ठेवणे बहुधा अधिक सोयीचे असते. तेथे समोच्चतेचे प्रयोजन उरत नाही व लहान स्तंभ ताणल्यास खाली निष्कारण रिकामी जागा पडते. कोणतीही रचना स्वीकारल्यास पृष्ठ अरुंद करून, अक्षरे दुप्पट करून आणि टंक बदलून पाहावे. तिन्ही स्थितींत शेवटची ओळ पूर्ण वाचता आली, तरच ती रचना योग्य समजावी.