चूल, कढई आणि किमया

आंद्रे ब्रेताँच्या सर्रिअलिस्ट गोटात बाईला मान होता, पण प्रेरणादेवता म्हणून. स्वतः ब्रश हाती घेणारी बाई त्यांना फारशी कळलीच नाही. याच गोटात वावरलेल्या चित्रकर्ती लिओनोरा कॅरिंग्टन आणि रेमेदिओस वारो दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत युरोप सोडून मेक्सिको सिटीत आल्या, तिथे जिवलग मैत्रिणी झाल्या. किमयाशास्त्र, टॅरो, जादूटोणा यांचा दोघींना भारी नाद. मात्र ही विद्या त्यांनी दाढीवाल्या सिद्धपुरुषांकडून काढून थेट स्वयंपाकघरात आणली. कॅरिंग्टनच्या 'समोरचं घर' (१९४५) या चित्रात बायका मोठ्या कढईभोवती जमल्या आहेत. चित्र टेम्परातलं, म्हणजे रंग अंड्याच्या बलकात कालवलेला. रांधणं आणि रंगवणं यांत अंतर ते कितीसं! वारोच्या 'पक्ष्यांची निर्मिती'मध्ये (१९५७) घुबडाच्या रूपातली बाई तिकोनी भिंगातून आकाशातला प्रकाश कागदावर पाडते, गळ्यातल्या व्हायोलिनला जोडलेल्या ब्रशाने पक्षी रंगवते आणि ते जिवंत होऊन उडू लागतात. देवाचं काम एक बाई करते आहे, तेही टेबलाशी बसून, कसलाही गाजावाजा न करता. मला हे चित्र कुठल्याही जाहीरनाम्यापेक्षा धीट वाटतं. जाहीरनाम्यांचंही कॅरिंग्टनला वावडं नव्हतं म्हणा: १९७०च्या दशकात तिने मेक्सिकोतल्या स्त्रीमुक्ती चळवळीसाठी पोस्टर काढून दिलं.