पन्हा आणि घटक-तक्ता

खानदेशातील वरणगावी सदरा शिवावयाचा झाल्यास शिंपी प्रथम कापडाचा पन्हा पाहतो; मीटरांचा हिशेब त्यानंतरचा. तयार कपड्यांच्या उत्पादन-व्यवस्थापनासाठी वापरल्या जाणाऱ्या संगणक-प्रणालीतील घटक-तक्त्यासही हाच नियम लागू पडतो. ९० सेंटिमीटर पन्ह्याचे २ मीटर कापड म्हणजे १.८ चौरस मीटर. १५० सेंटिमीटर पन्ह्यात तेवढेच क्षेत्रफळ १.२ मीटरांत मिळते. तक्त्यात केवळ लांबी नोंदविल्यास १००० सदऱ्यांमागे ८०० मीटरांपर्यंत तफावत संभवते. म्हणून कापडाचा पन्हा, वजन व रंग, बटणांचा आकार व संख्या, बकरम आणि दोरा यांची परिमाणे, तसेच बेतताना होणारी घट यांची नोंद स्वतंत्र रकान्यांत करणे अगत्याचे ठरते. शिंप्यास जे अनुभवाने उमगते, ते यंत्रास अंकांनीच सांगावे लागते.