ओढ्याकाठची जागा रिकामी नव्हे

पुण्याच्या आंबिल ओढ्याच्या काठी पूर्वी जी हिरवी पट्टी होती व जिचे काही तुकडे अजून कसेबसे तग धरून आहेत, तिजविषयी आज लिहिणे आम्हांस अवश्य वाटते. ओढ्याकाठची झुडुपे व चिखल हा वर्तमानपत्राचा विषय कसा, असे एखादा व्यापारी वाचक विचारील. त्यास आमचे उत्तर असे की, ता. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री या ओढ्याने आपल्या गेलेल्या जागेची वसुली एकाच हप्त्यात केली. कात्रजकडे कोसळलेल्या पावसाचे पाणी अरण्येश्वर, सहकारनगर, दांडेकर पूल या वाटेने काही तासांत शहरात शिरले. भिंती पडल्या, मोटारी काडीप्रमाणे वाहिल्या, आणि शहर व भोवतालचा मुलूख मिळून वीसाहून अधिक माणसे प्राणास मुकली.

हा दैवी कोप म्हणावा, तर त्यात माणसाचा वाटा फार मोठा आहे. शहराच्या विकास आराखड्यात अशा जागांवर हिरवा रंग भरण्यात येतो. पुष्कळ ठिकाणी महापालिकेची बागवानी त्या रंगापाशीच संपते. जागेस कुंपण नाही, राखणदार नाही, हद्दीचा दगड नाही. मग रात्री राडारोड्याची पहिली गाडी येते. तिला कोणी हटकले नाही की दहावी येते. काठ हात-दोन हात उंच होतो व पाणी समोरच्या काठावर चढते. पाच-सात वर्षांत त्या जागेचा उकिरडा झाला, की ‘ही घाण किती दिवस सोसावयाची?’ असा सवाल सभ्य लोकच करू लागतात, आणि मग ‘सुधारणा’ येते. ती बहुधा सिमेंटची भिंत घालून किंवा रस्ता काढून होते. ज्यांनी उकिरडा होऊ दिला त्यांनीच सुधारणेची निविदा काढावी, हा व्यवहार आम्हांस मोठा चमत्कारिक वाटतो! भिंतीने आवळलेले पाणी नाहीसे होत नाही. ते अधिक वेगाने खालच्या वस्तीवर जाऊन पडते. उलट मोकळ्या मातीत ते पसरते, थोडे मुरते, व गवताझाडांत अडखळत सावकाश पुढे जाते. ओढ्याकाठच्या बागेचे खरे काम हे आहे. व्यापारी आपल्या तिजोरीतील शिलकेस ‘रिकामे पैसे’ म्हणत नाही. मग पाण्यासाठी राखलेल्या जमिनीस रिकामी का म्हणावे?

आपल्या पूर्वजांनी ओढ्यास हात लावला नव्हता असे नाही. नानासाहेब पेशव्यांनी याच ओढ्याचा प्रवाह वळविला. पण त्याबरोबर पर्वतीच्या पायथ्याशी तळे बांधून पाण्यास बसावयास जागाही दिली. आज त्या तळ्याच्या जागी सारसबाग आहे, आणि तळ्यातल्या गणपतीच्या नावातच काय ते तळे उरले आहे. अधिक अलीकडचा दाखला हैदराबादचा. १९०८ साली मुसा नदीने त्या शहरात अनर्थ केला, तेव्हा निजाम सरकारने विश्वेश्वरय्यांस बोलाविले. ज्यांच्या कल्पनेचे स्वयंचलित दरवाजे १९०३ साली आपल्या खडकवासल्यास बसले, तेच हे गृहस्थ. त्यांनी वरच्या अंगास जलाशय बांधण्याची व शहरात नदीकाठी उद्याने करण्याची शिफारस केली.

आपल्याकडे नियम नाहीत असेही नाही. पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची नील रेषा व शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा कागदावर आखलेली आहे. मुठेची नील रेषा साठ हजार क्युसेकची धरतात, परंतु ता. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासल्यातून सुमारे पस्तीस हजार क्युसेक पाणी सुटले, एवढ्यात सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत होड्या चालवाव्या लागल्या. नदीने रेषा मोडली नाही. नदीपात्र भरत आले, हे याचे कारण. विठ्ठलवाडीच्या नदीपात्रातील रस्त्याविरुद्ध नागरिकांस २०१३ साली हरित न्यायाधिकरणापुढे जाऊन दाद मागावी लागली. जे काम नगरपित्यांनी आपण होऊन करावयाचे, ते लोकांनी वकील लावून करवून घ्यावे काय? आणि नगरपिते तरी कोठे? मार्च २०२२ नंतर दीर्घ काळ शहराचा कारभार प्रशासकाच्या हाती होता, व विचारणा करावयास नगरसेवकच उरला नव्हता.

एक गोष्ट येथे स्पष्ट बोलणे भाग आहे. ओढा मोकळा करावयाचा म्हटले की कुऱ्हाड प्रथम गरिबावर पडते. २०२१ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्यात, दांडेकर पुलाजवळच्या झोपड्यांवर यंत्रे चालली, व ती न्यायालयाच्या स्थगितीने थांबली. पत्र्याचे घर पुरात सर्वांत आधी बुडते, यास्तव तेथील लोकांस सुरक्षित घरे अवश्य मिळाली पाहिजेत. पण घर आधी व हातोडा मागून. आणि तोच गज ओढ्यात शिरलेल्या पक्क्या सोसायट्यांस, वाहनतळांस व मंगल कार्यालयांसही लागला पाहिजे.

आमची मागणी मोठ्या खर्चाची नाही. ओढ्याच्या दोन्ही काठांस पूररेषेचे खांब रोवावे. राडारोडा टाकणाऱ्या गाडीच्या मालकास जबर दंड करावा व त्याचे नाव जाहीर करावे. उरलेल्या तुकड्यांतील भराव उपसून तेथे करंज, उंबर, वाळुंज अशी पाण्यात तग धरणारी झाडे लावावी. बाके हवी असल्यास ठेवावी, मात्र फरशी नको. अशी बाग पावसाळ्यात दोन-चार दिवस बुडाली तर ती बिघडली असे कोणी समजू नये. आणि कोणता तुकडा किती रुंद होता व आज किती उरला आहे, याची यादी मे महिना संपण्यापूर्वी प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाच्या दारावर लावावी. ती लागली नाही, तर ओढ्याकाठच्या दुकानदारांनी व रहिवाशांनी आयुक्तांकडे सह्यांचा अर्ज करून ती मागावी.