आजीला सांगायचं की नाही?



डॉक्टर हिब्रूत पाच मिनिटं बोलतात आणि शेजारी बसलेली नात मराठीत सांगते, "काही नाही आजी, थोडी गाठ आहे, औषधानं जाईल." नर्स म्हणून हे मी इतक्या वेळा पाहिलं, की आता त्या सगळ्या आज्या मला एकच वाटतात. बाहेर आल्यावर नात म्हणते, "कॅन्सर म्हटलं तर ती खचेल हो."

यात प्रेमच असतं. पण आजी दूधखुळी नसते. केस गळतात, मुलं स्वयंपाकघरात हळू बोलतात. ती सगळं ओळखते आणि मुलांना वाईट वाटू नये म्हणून गप्प राहते. मग दोन्हीकडून नाटक चालतं. बांगड्या कोणाला द्यायच्या, नातवाच्या लग्नाचा मलिदा लवकर करायचा का, हे बोलायचं राहून जातं.

इस्राएलच्या १९९६ च्या रुग्णहक्क कायद्यानुसार आजार काय, उपचार कोणते, धोके काय, हे कळण्याचा हक्क खुद्द रुग्णाचा आहे. सांगितल्यानं रुग्णाला गंभीर अपाय होईल असं एथिक्स कमिटीनं मान्य केलं, तरच डॉक्टर माहिती राखून ठेवू शकतात. नातेवाइकांनी "सांगू नका" म्हणणं पुरेसं नाही. मात्र "मला नको, माझ्या मुलाला सांगा" असं आजी स्वतः म्हणाली, तर तेही मानायचं. म्हणून चांगला डॉक्टर आधी विचारतो, "तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे?"

१९४८ साली लंडनच्या एका हॉस्पिटलात डेव्हिड टास्मा हा वॉर्सातून आलेला यहुदी माणूस कॅन्सरनं मरणाला टेकला होता. जवळचं कोणी नव्हतं. समाजसेविका असलेल्या सिसिली सॉन्डर्स त्याच्यापाशी बसून बोलत. मरणाऱ्यांसाठी तुम्ही जे घर उभाराल त्यात माझी एक खिडकी असू दे, म्हणून त्यानं ५०० पौंड मागे ठेवले. सिसिली पुढे डॉक्टर झाल्या आणि १९६७ साली त्यांनी सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उघडलं. दुखणं फक्त शरीराचं नसतं, मनाचं, घरच्या काळजीचं आणि आत्म्याचंही असतं, असं त्या शिकवत. शरीराच्या दुखण्यासाठी मात्र मॉर्फिन घड्याळ लावून वेळेवर द्यायच्या. कळ उठेपर्यंत थांबायच्या नाहीत. (आपल्याकडे "सवय लागेल" म्हणून गोळी उशीखाली ठेवणारे पुष्कळ. तसं करू नका, डॉक्टरांशी बोला.)

पुढच्या अपॉइंटमेंटला नातीला आधीच सांगून ठेवा, "डॉक्टर बोलतील ते सगळं सांग, गाळू नकोस." तिला ते जड जात असेल, तर दुभाष्या मागा.

एका नातीनं शेवटी रडत रडत खरं सांगितलं. आजी म्हणाली, "मला कधीचंच ठाऊक आहे. आधी चहा टाक." मग दोघी कपाट उघडून बसल्या.